उलाढालीवर बेतलेलं नियोजन छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला परवडत नाही

मार्च उजाडला की पुण्यातल्या बाणेर-बावधनपासून नाशिक, कोल्हापूर, नागपूरपर्यंत अनेक छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एक फाइल तयार होते. तिच्यात पुढच्या पाच वर्षांची उलाढाल असते. यंदा दोन कोटी, पुढच्या वर्षी तीन, मग साडेचार, सात, दहा. सीएच्या ऑफिसात ती फाइल सजते, बँकेत जाते, कर्ज मंजूर होतं आणि नंतर कंपनीतलं कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. वर्षअखेरीला आकडे जुळले नाहीत की सगळेच म्हणतात, छोट्यांना नियोजन जमत नाही. मला हे मान्य नाही. या कंपन्या नियोजन करतात, पण चुकीच्या आकड्यावर करतात. आणि तो आकडा बँकांनी, निविदांनी आणि सरकारी योजनांनी त्यांच्या गळ्यात बांधला आहे.

नियोजन केल्याने छोट्या कंपनीची कामगिरी सुधारते का, यावर व्यवस्थापनशास्त्रात गेली काही दशकं अभ्यास होत आले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. एक अडचण तर उघडच आहे. नियोजन करणारी कंपनी चांगली चालते, की चांगली चालणाऱ्या कंपनीच्या मालकाला नियोजनाला सवड मिळते, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून ‘नियोजन करा’ हा उपदेश पुरेसा नाही. कशाचं नियोजन, कोणत्या आकड्यावर, किती दिवसांनी तपासायचं, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

उलाढालीचा हा हट्ट आला कुठून? खेळत्या भांडवलाचं, म्हणजे रोजचा खर्च भागवायला लागणाऱ्या पैशाचं, कर्ज देताना ५ कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी बँका बहुतेक वेळा रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीची पद्धत वापरतात. समितीचा अहवाल १९९२ चा. तिचं गणित असं: पुढच्या वर्षीच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले ५ टक्के मालकाने घालायचे आणि २० टक्के बँकेने द्यायचे. लघुउद्योगाला पुरेसं कर्ज मिळत नव्हतं, त्या काळात ही पद्धत उपकारकच होती. पण तिचा एक परिणाम आज रोज दिसतो. दोन कोटींच्या कंपनीला ६० लाखांची कर्जमर्यादा हवी असेल, तर कागदावर तीन कोटींची उलाढाल दाखवावी लागते. म्हणजे आधी कर्जाचा आकडा ठरतो, त्यावरून उलाढालीचा, आणि मग त्या उलाढालीला शोभेल असं ‘व्हिजन’ लिहिलं जातं. नियोजनाची दिशाच उलटी.

हे कागदावरच राहिलं असतं तर चाललं असतं. पण वर्षभर जीएसटीची विवरणपत्रं बँकेला दिसत असतात, आणि कर्जाच्या पुढच्या नूतनीकरणाला तो आकडा गाठलेला दाखवावा लागतो. मग कंपनी दोन गोष्टी करते. कमी दराची कामं घेते. आणि ग्राहकाला लॅपटॉप, सर्व्हर, सॉफ्टवेअरची लायसन्स पुरवायला लागते, कारण त्यात एका बिलात ४० लाखांची उलाढाल दिसते. त्यातून सुटणारे पैसे चार-पाच टक्के. ग्राहकाने बिल तीन महिने लांबवलं की त्या ४० लाखांवरचं व्याजच त्या कमाईचा मोठा भाग गिळतं, आणि पुरवठादार मात्र महिन्याच्या आत पैसे मागतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीने नकळत सावकारी सुरू केलेली असते, तीही जेमतेम नफ्याची.

आता खरा आकडा बघू. अशा कंपनीकडे विकायला एकच गोष्ट असते: माणसांचे तास. समजा वीस जणांची कंपनी आहे. त्यातले चौदा जण प्रत्यक्ष ग्राहकाचं काम करतात. उरलेले सहा विक्री, हिशेब, मनुष्यबळ आणि व्यवस्थापन सांभाळतात. महिन्याला वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे माणशी १६० तास. त्यातले ७० टक्के तास बिलात लागले तर ११२ तास. चौदा जणांचे १,५६८ तास, तासाला ९०० रुपये दर, महिन्याचं बिल १४ लाख ११ हजार. खर्चात चौदा जणांचे सरासरी ६० हजारांप्रमाणे ८ लाख ४० हजार, सहा जणांचे ४५ हजारांप्रमाणे २ लाख ७० हजार, भाडं, वीज, इंटरनेट, क्लाउड, साधनं मिळून २ लाख. एकूण १३ लाख १० हजार. उरतात जेमतेम १ लाख रुपये.

तासांचा हा वापर (बिलात लागलेल्या तासांचं प्रमाण) ७० वरून ६० टक्क्यांवर आला, म्हणजे प्रत्येकाचे महिन्यात सोळा तास रिकामे गेले, तर बिल होतं १२ लाख १० हजारांचं. आता १ लाखाचा तोटा. खर्च तोच, माणसं तीच, दर तोच. या कंपनीत वापराचा एक टक्का म्हणजे महिन्याला २० हजार रुपये आणि ना-नफा-ना-तोट्याची रेषा ६५ टक्क्यांवर. हा आकडा मालकाला तोंडपाठ हवा. उलाढाल वाढली की कमी झाली हे तो चारचौघात सांगू शकतो, पण गेल्या महिन्यात वापर किती टक्के होता असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. कारण टाइमशीट, म्हणजे कोणत्या कामाला किती तास लागले याची नोंद, शुक्रवारी संध्याकाळी आठवून भरली जाते आणि सगळ्यांचे आठच्या आठ तास ‘प्रोजेक्ट’वर दाखवलेले असतात.

तास गळतात कुठे, तेही ठरलेलं आहे. ठरावीक रकमेच्या कामात व्याप्तीबाहेरच्या मागण्या फोनवर येतात आणि ‘एवढंसं तर आहे’ म्हणून केल्या जातात. एखाद्या रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवायला दोन तास लागतात, पण तो रकाना भरायला डेटाबेसमध्ये बदल, जुन्या नोंदींचं स्थलांतर, पुन्हा चाचणी धरली तर दोन दिवस. यावरचा इलाज लोक कठोरपणा समजतात, तो निव्वळ शिस्त आहे: प्रत्येक बदलाची मागणी लेखी, तीवर तासांचा अंदाज, आणि चार तासांवरच्या मागणीला ग्राहकाची ईमेलने मंजुरी. फुकट द्यायचं असेल तर जरूर द्या, पण बिलात तो बदल शून्य रुपयांनी दाखवा. पुढच्या वाटाघाटीत ती शून्याची ओळ उपयोगी पडते.

नफ्याचं गणित जमलं तरी कंपनी बुडू शकते, कारण नफा आणि रोख यांची भेट फार उशिरा होते. एप्रिलमध्ये १० लाखांचं काम केलं, ३० तारखेला बिल पाठवलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, १ लाख ८० हजार. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या कंपनीने तो २० मेपर्यंत सरकारजमा करायचा, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. सॉफ्टवेअर कंपनीचा मुख्य खर्च पगार, पगारावर जीएसटी नाही, म्हणून वजावटही नावापुरती. ग्राहक ९० दिवसांनी, जुलैअखेर पैसे देतो. तोवर एप्रिल, मे आणि जूनचे पगार झालेले असतात.

त्यात टीडीएस, म्हणजे ग्राहकाने पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर. व्यावसायिक सेवा धरून ग्राहकाने १० टक्के कापले तर १ लाख तिथेच गेला. वरच्या उदाहरणातल्या कंपनीला बिलावर सुटतात सात टक्के, आणि आगाऊ कापला जातो दहा टक्के. म्हणजे कर नफ्यापेक्षा मोठा! तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत वर्ष उलटतं. कामाचं स्वरूप तांत्रिक सेवेचं असेल तर कपात २ टक्क्यांची आहे, आणि नफा कमी असलेल्या कंपनीला कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मागता येतं. करार करतानाच हा मुद्दा ग्राहकाच्या हिशेब विभागाशी बोलून घ्यायचा असतो. पहिलं बिल कापून आल्यावर बोललं तर कुणी ऐकत नाही.

म्हणूनच या धंद्यात वाढीची आनंदाची बातमी येतानाच रोकड घेऊन जाते. नवीन ग्राहकासाठी पाच माणसं घेतली, माणशी ६० हजार. पहिल्या महिन्याचं बिल चौथ्या महिन्याच्या शेवटी वसूल होणार. तोपर्यंत तीन महिन्यांचे पगार ९ लाख आणि तीन बिलांवरचा जीएसटी पावणेतीन लाख, मिळून पावणेबारा लाख बाहेर गेले. लॅपटॉप वेगळे, आणि चौथा पगार तोंडावर. महिन्याला १ लाख कमावणाऱ्या कंपनीची ही वर्षभराची कमाई. बँकेच्या कॅश क्रेडिटवर (गरजेनुसार उचलता येणाऱ्या कर्जावर) भिस्त ठेवावी, तर पैसे उचलण्याची मर्यादा येण्यांवरून, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या रकमांवरून, ठरते आणि ९० दिवसांपलीकडची येणी बँका साधारणपणे धरत नाहीत. सॉफ्टवेअर कंपनीकडे दाखवायला मालाचा साठाही नसतो. ग्राहकाने उशीर केला की ज्या महिन्यात गरज सर्वांत जास्त, त्याच महिन्यात बँकेचं दार अरुंद होतं.

याला उत्तर पाच वर्षांच्या फाइलमध्ये नाही, तेरा आठवड्यांच्या रोख तक्त्यात आहे. एक तिमाही, म्हणजे तेरा उभे रकाने. प्रत्येक आठवड्याची आरंभीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, अखेरची शिल्लक. जाणाऱ्या पैशांच्या तारखा बऱ्याचशा कायद्यानेच ठरवल्या आहेत: ७ तारखेला टीडीएस, १५ तारखेला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), २० तारखेला जीएसटी, आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या १५ तारखेला आगाऊ कर. पगार, भाडं, कर्जाचा हप्ता, डॉलरमध्ये येणारं क्लाउडचं बिल. हे भरायला एक तास पुरतो.

कौशल्य लागतं ते येणाऱ्या पैशांच्या ओळीत. तिथे करारातली तारीख लिहायची नाही, त्या ग्राहकाची सवय लिहायची. मागची सहा बिलं त्याने सरासरी ७८ दिवसांनी दिली असतील तर ७८ दिवसच धरायचे. ‘जवळजवळ नक्की’ असलेलं नवं काम तक्त्यात घ्यायचं नाही. परचेस ऑर्डर, म्हणजे ग्राहकाची लेखी मागणी, हातात आली की मगच. हा तक्ता बिघडतो तो इथेच, आशेचे पैसे त्यात शिरतात म्हणून. दुसरं, तो महिन्यातून एकदा बघितला जातो. दर सोमवारी मागचा आठवडा खऱ्या आकड्यांनी भरून पुढे एक रकाना वाढवला नाही तर दोन महिन्यांत तो निरुपयोगी होतो. कोणत्याही आठवड्याची अखेरची शिल्लक एका महिन्याच्या पगाराखाली जाताना दिसली की त्याच सोमवारी निर्णय: भरती थांबवायची, चालू कामावर आगाऊ रक्कम मागायची, की बँकेशी बोलायचं. सहा आठवडे आधी मागितलेली मदत मिळते. पगाराच्या आदल्या दिवशी मागितलेली मिळत नाही, मिळाली तर महाग पडते.

उशिराच्या वसुलीबद्दल छोट्या कंपन्या स्वतःवर एक अन्याय करून घेतात, त्याकडे लक्ष वेधणं मला फार गरजेचं वाटतं. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ सांगतो की सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. सेवाही यात येतात. मुदत मोजायची स्वीकृतीपासून, आणि कायदा पुढे म्हणतो की काम दिल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असंच धरायचं.

आणि आपले सॉफ्टवेअर करार काय म्हणतात? ‘यूएटी साइन-ऑफ झाल्यावर शेवटचा हप्ता.’ म्हणजे ग्राहकाने स्वतः चाचणी करून सही दिल्यावर. ही सही करणारा माणूस ग्राहकाकडे स्वतःच्या कामात बुडालेला असतो. चाचणीला वेळ नाही म्हणून सही नाही, सही नाही म्हणून बिल नाही, आणि बिलच नाही म्हटल्यावर ४५ दिवसांचं घड्याळ सुरू झालं हे सिद्ध कसं करणार? कायद्याने हातात दिलेलं संरक्षण कंपनी एका वाक्यात सोडून देते. करारात लिहायचं ते असं: सोपवलेल्या तारखेपासून दहा कामकाजी दिवसांत लेखी त्रुटी कळवल्या नाहीत तर टप्पा स्वीकृत समजला जाईल. त्रुटी म्हणजे मान्य केलेल्या व्याप्तीशी विसंगती, नवी अपेक्षा नव्हे, हेही त्याच कलमात. सुरुवातीला किमान ३० टक्के आगाऊ, आणि शेवटचा हप्ता १० टक्क्यांपेक्षा मोठा नको. प्रत्येक टप्पा ईमेलने, तारखेसह, आवृत्ती क्रमांकासह सोपवायचा. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी) कराराआधीच झालेली हवी, कारण नंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहाराला मिळेलच असं नाही. बिलावर आणि करारात नोंदणी क्रमांक छापायचा. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात घातलेल्या तरतुदीनंतर, सूक्ष्म-लघू पुरवठादाराचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च महिन्यात तरी त्याचा हिशेब विभाग तो क्रमांक वाचतो. परदेशी ग्राहकाला यातलं काहीच लागू नाही. तिथे आगाऊ रक्कम हाच उपाय.

रोख आणि वापर हे दोन आकडे हाती आले की मग ज्याला धोरण म्हणतात ते सुरू होतं, आणि छोट्या कंपनीत त्याचा नव्वद टक्के भाग नकार देण्याचा असतो. एका ग्राहकाकडून निम्मं बिल येत असेल तर तो ग्राहक नाही, मालक आहे. दर तो ठरवतो आणि तो गेला की सात माणसं रिकामी बसतात. तिसऱ्या हिश्श्याच्या वर एकाचं बिल जाऊ लागलं की त्याचं पुढचं काम नाकारायचं नसलं, तरी पुढची विक्री दुसरीकडे करायची, हे लिहून ठेवायला हवं. तसंच तंत्रज्ञानाचं. चौदा माणसांत कोड लिहिण्याच्या पाच वेगवेगळ्या भाषा आणि चौकटी (फ्रेमवर्क) सांभाळल्या की प्रत्येक गोष्ट एकाच माणसाच्या डोक्यात राहते, आणि मोठ्या कंपनीने त्याला दीडपट पगार दिला की तो प्रकल्पच उचलून नेल्यासारखा होतो. एकाच उद्योगातली कामं घेतली, साखर कारखाने म्हणा, सहकारी पतसंस्था म्हणा, ऑटो पार्ट बनवणारे म्हणा, तर दुसऱ्या ग्राहकाचा अंदाज पहिल्यापेक्षा अचूक येतो आणि तिसऱ्याला निम्मं तयार काम विकता येतं.

तासाचा दर हाच मुळात आता डळमळीत पाया आहे. कोड लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आल्यापासून ग्राहक विचारतो, काम लवकर होतं तर तास कमी का नाहीत? त्याचं चूक नाही. ज्या कंपनीला आपल्या ग्राहकाचा धंदा कळतो ती पूर्ण झालेल्या कामाचा दर सांगू शकते. जिला फक्त भाषा येते तिला तास कमी करण्यावाचून गत्यंतर नाही.

स्वतःचं उत्पादन काढायची इच्छा यातूनच येते, आणि ती योग्य आहे. पण बहुतेक ठिकाणी ते उत्पादन ‘बेंचवर’, म्हणजे कामाविना, असलेल्या माणसांकडून करवलं जातं. नवं काम आलं की तीच माणसं उचलली जातात, आणि अर्धवट उत्पादन दोन-तीन वर्षं तसंच पडून राहतं. दोनच माणसं द्या, पण त्यांना ग्राहकाच्या कामावर आणायचं नाही असं ठरवा. त्यांचा पगार, वर्षाला १४ लाख ४० हजार, उत्पादनाचा खर्च म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा. आणि कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे देणारे ग्राहक मिळाले नाहीत तर हे बंद करायचं, ते सुरू करण्याआधी ठरवा. वर दिलेल्या उदाहरणातल्या कंपनीला हे परवडत नाही, तिच्या सगळ्या नफ्यापेक्षा हा खर्च मोठा आहे. तिने आधी वापर ७५ टक्क्यांवर न्यावा. त्या पाच टक्क्यांतून महिन्याला १ लाख सुटतो, मग उत्पादनाचं बघता येतं.

बँकांची बाजूही आहे. त्यांना मोजायला काहीतरी ठोस लागतं, उलाढाल जीएसटीवरून पडताळता येते, आणि नियोजनाचे इतर आकडे मालक सांगेल तेच. इतर आकड्यांबद्दलचं हे म्हणणं १९९२ मध्ये खरं होतं. आज बिलनिहाय विक्री जीएसटीच्या विवरणपत्रात असते, आणि अकाउंट ॲग्रीगेटरमार्फत (खात्याची माहिती संमतीने पुरवणाऱ्या मध्यस्थामार्फत) मालकाच्या संमतीने बँकेला खात्यातली प्रत्येक जमा दिसते. कोणत्या ग्राहकाने कोणतं बिल किती दिवसांनी दिलं, एका ग्राहकावर किती भार आहे, हे दोन्ही जोडून काढता येतं. रिझर्व्ह बँकेच्या यू. के. सिन्हा समितीने २०१९ मध्येच रोखप्रवाहावर आधारित कर्जाचा आग्रह धरला होता. शाखेतला अधिकारी तरीही प्रोजेक्शनच (पुढच्या उलाढालीचा अंदाजच) मागतो, कारण मंजुरीच्या नमुन्यात रकाना त्याचाच आहे. तो रकाना बदलायला हवा. सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून पाच वर्षांची उलाढाल मागण्याऐवजी येण्यांचं वयोमान (कोणतं बिल किती दिवस थकलं), पहिल्या तीन ग्राहकांचा वाटा आणि तेरा आठवड्यांचा तक्ता मागितला, तर मालक तो बँकेसाठी म्हणून बनवायला लागेल आणि सोमवारी स्वतः वापरेल.

निविदांचंही तेच. ३० लाखांच्या पोर्टलसाठी गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल दोन-तीन कोटी असावी ही अट कामाच्या दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. सूक्ष्म-लघू उद्योगांना आणि स्टार्टअपना अशा अटीत सवलत देण्याची मुभा केंद्राने दिलेली आहे, पण ती मुभा आहे, सक्ती नाही. उलाढालीच्या अटीच्या जागी पूर्ण केलेली तीन कामं आणि आज चालू असलेली प्रणाली दाखवायला सांगावी.

आणि अशा अटी घालणाऱ्या सरकारी विभागांनी, महापालिकांनी, सरकारी कंपन्यांनी आपली बिलं ४५ दिवसांत द्यावीत. वाद झाला तर सूक्ष्म व लघू उद्योग सुविधा परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यायचा, असं कायदाच सांगतो. प्रत्यक्षात प्रकरणं त्याहून फार लांबतात, आणि तक्रार केली तर पुढचं काम जाईल या भीतीने बहुतेक पुरवठादार तिथे जातच नाहीत. ती भीती घालवायची असेल तर व्याज मागायची वेळ पुरवठादारावर येता कामा नये. सरकारी खरेदीदाराच्या देयक प्रणालीनेच ४६ व्या दिवसापासूनचं व्याज आपोआप मोजून बिलात चढवावं, आणि कोणत्या विभागाने वर्षभरात असं किती व्याज भरलं ते अर्थसंकल्पासोबत छापावं.